काय नको, हे ठाऊक असलेली वाचक

एखाद्या वाचकाची आवड समजून घ्यायची असेल, तर त्याला आवडती पुस्तकं विचारून फारसं हाती लागत नाही. आवडत्या पुस्तकांच्या याद्या बऱ्याचदा एकमेकींसारख्याच निघतात. त्याने काय नाकारलं, कशावर तो चिडला, कोणतं पुस्तक अर्ध्यावर मिटून ठेवलं, ते ऐकावं. तिथे माणूस दिसायला लागतो. हेलेन हॅन्फ या अमेरिकन लेखिकेचं ‘८४, चॅरिंग क्रॉस रोड’ हे पुस्तक मला याच कारणासाठी फार मोलाचं वाटतं. १९७० साली प्रसिद्ध झालेलं हे पुस्तक जेमतेम शंभर पानांचं आहे. त्यात निव्वळ पत्रं आहेत: न्यूयॉर्कमधली एक बेताच्या मिळकतीची लेखिका आणि लंडनमधलं जुन्या पुस्तकांचं एक दुकान यांच्यात १९४९ पासून वीस वर्षं चाललेला पत्रव्यवहार. ती लेखिका म्हणजे स्वतः हॅन्फ. दुकान म्हणजे मार्क्स अँड कंपनी, आणि दुकानाच्या वतीने पत्रं लिहिणारा माणूस म्हणजे फ्रँक डोएल.

या पुस्तकाविषयी बोलताना वाचक सहसा मैत्रीबद्दल बोलतात. कधीही न भेटलेल्या दोन माणसांचं नातं, त्यातलं न बोललेलं प्रेम वगैरे. ते सगळं पुस्तकात आहे. पण ते नातं ज्यावर उभं राहिलं तो पाया वाचनाच्या आवडीचा आहे, आणि हॅन्फची आवड इतकी ठाम, इतकी कडक आहे, की तिच्यामुळेच समोरच्या माणसाला तिच्यासाठी काहीतरी करता येतं. ‘काहीही चांगलं पाठवा’ म्हणणाऱ्या ग्राहकाशी असं नातं जुळलं नसतं.

पहिलं पत्र ५ ऑक्टोबर १९४९ चं आहे. एका साप्ताहिकातली दुकानाची जाहिरात पाहून हॅन्फने ते लिहिलं. आपण गरीब लेखिका आहोत, आवड मात्र जुन्या पुस्तकांची आहे, आणि हवी ती पुस्तकं न्यूयॉर्कमध्ये मिळतात ती एक तर फार महागड्या दुर्मीळ आवृत्त्यांत नाही तर शाळकरी मुलांनी खुणा करून मळवलेल्या प्रतींत, असं तिचं म्हणणं. सोबत यादी. आणि अट एकच: स्वच्छ जुन्या प्रती हव्यात, एकेक पाच डॉलरच्या आत. त्या यादीत हॅझलिट, स्टीव्हन्सन, ली हंट या निबंधकारांचे निबंध आहेत, आणि लॅटिन बायबल आहे. तेहेतीस वर्षांची, शिक्षण अर्धवट राहिलेली, नाटकं लिहिणारी पण ती रंगभूमीवर न पोचलेली एक बाई लॅटिन बायबल का मागते? पत्रात त्याचं उत्तर नाही. ही यादी तिच्याकडे आली कुठून, हा प्रश्न पुस्तकभर वाचकाच्या मनात राहतो.

उत्तर तिच्याच दुसऱ्या पुस्तकात, ‘क्यूज लेगसी’मध्ये मिळतं. पैशाअभावी वर्षभरातच कॉलेज सुटलं तेव्हा हॅन्फने सार्वजनिक वाचनालयात स्वतःसाठी गुरू शोधायला सुरुवात केली. तिला सापडले सर आर्थर क्विलर-कूच, ‘क्यू’ या एका अक्षराने सही करणारे केंब्रिजचे प्राध्यापक. लेखनकलेवरची त्यांची व्याख्यानं १९१६ साली, म्हणजे हॅन्फच्या जन्मवर्षीच, पुस्तकरूपाने आली होती. क्यू आपल्या विद्यार्थ्यांना अमुक कवी माहीत आहे असं गृहीत धरून बोलत. हॅन्फला तो माहीत नसे. मग क्यूंचं पुस्तक बाजूला ठेवून ती त्या कवीकडे जाई. त्या कवीने बायबल गृहीत धरलेलं असे, की मग बायबल. असं एका व्याख्यानाच्या पोटातून दहा पुस्तकं निघत गेली. म्हणजे जिला आपण तिची आवड म्हणतो, ती एका चांगल्या शिक्षकाने केलेल्या शिफारशींची साखळी होती. फरक इतकाच, की शिक्षक समुद्रापलीकडे होता आणि आपली अशी एक विद्यार्थिनी आहे याची त्याला कल्पनाही नव्हती. मार्क्स अँड कंपनीला गेलेलं पहिलं पत्र हे त्या एकलव्याच्या अभ्यासाचं पुढचं पाऊल आहे.

कादंबऱ्या तिला आवडत नाहीत. कधी न जगलेल्या माणसांच्या आयुष्यात कधी न घडलेल्या गोष्टी वाचण्यात आपल्याला रस नाही, असं ती फ्रँकला सरळ कळवते. तिला हव्यात रोजनिशा, पत्रं, आठवणी. ज्याने लिहिलं तो तिथे हजर होता, त्याने ते डोळ्यांनी पाहिलं, अशी खात्री देणारी पुस्तकं. कादंबरीवर प्रेम असणाऱ्या माझ्यासारख्या वाचकाला हे म्हणणं पटत नाही, पण त्यातली भूक मात्र नीट समजते. तिला मराठी येत असतं तर विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’ मी सगळ्यात आधी तिच्या हातात दिलं असतं. १८५७ च्या धामधुमीत झाशीत सापडलेला वरसईचा एक भिक्षुक ब्राह्मण आपण काय पाहिलं ते सांगतो, यापेक्षा ‘मी तिथे होतो’ या जातीचं पुस्तक दुसरं कुठलं असणार? आणि त्यानंतर ‘स्मृतिचित्रे’.

गोडसे भटजींचं पुस्तक इथे आठवण्याला आणखी एक कारण आहे. १९०७ साली ते पहिल्यांदा छापलं गेलं तेव्हा चिं. वि. वैद्यांनी त्यात बरीच काटछाट आणि फेरफार केले होते. मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली वाचकांपुढे आणली. हॅन्फचा पुस्तकातला सर्वांत मोठा संताप नेमका याच गोष्टीवर आहे. तिने सॅम्युअल पीप्सची रोजनिशी मागवली आणि १९५१ च्या शरद ऋतूत तिच्या हाती आलं ते वेचक उताऱ्यांचं पुस्तक. तिचं त्यावरचं पत्र वाचण्यासारखं आहे. इंग्रजीत रागावताना ती सगळी अक्षरं मोठी करते, एरवी वाक्याच्या आरंभीसुद्धा मोठं अक्षर घालायचा कंटाळा करते, त्यामुळे तिचा पारा छापील पानावर डोळ्यांनाच दिसतो. खरा पीप्स मिळेपर्यंत हे पुस्तक चालवून घेईन आणि मग याचं पान न् पान फाडून त्यात वस्तू गुंडाळीन, असं ती बजावते. फ्रँक शांतपणे माफी मागतो आणि पूर्ण आवृत्ती शोधायचं आश्वासन देतो.

हा राग लहरी नाही. पीप्सची रोजनिशी १८२५ मध्ये लॉर्ड ब्रेब्रुक यांनी पहिल्यांदा छापली तीच कापून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची मोठी आवृत्तीसुद्धा ‘आक्षेपार्ह’ मजकूर गाळूनच निघाली. एकही शब्द न वगळता ती छापायला सुरुवात झाली १९७० मध्ये, म्हणजे हॅन्फचं पुस्तक निघालं त्याच वर्षी. संपादकाने आपल्या वतीने काय वाचायचं ते ठरवावं, हे तिला सहन होत नाही. शिफारस करणाऱ्याने वाचकाला दार दाखवावं. आतल्या खोल्या परस्पर कुलूपबंद करू नयेत, एवढीच तिची मागणी आहे आणि ती मला शंभर टक्के रास्त वाटते.

तिची आणखी एक सवय आपल्याला धक्का देते. न वाचलेलं पुस्तक ती सहसा विकत घेत नाही. आधी वाचनालयातून आणून वाचायचं, ते आपलं वाटलं तरच स्वतःची प्रत मागवायची. आणि दर वसंतात कपाट आवरताना जे पुन्हा वाचणार नाही ते सरळ टाकून द्यायचं. तिच्या मित्रांना हे भयंकर वाटतं. ते नव्या खपाऊ पुस्तकांमागे धावतात, ती घाईने वाचतात, वर्षभरात विसरतात, पण पुस्तक टाकून देणं मात्र त्यांना पाप वाटतं. हॅन्फच्या मते सुमार पुस्तकाइतकी अपवित्र वस्तू दुसरी नाही. आपल्याकडे पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार करणाऱ्यांना हे जड जाईल. पण तिच्या बोलण्याचा रोख पाहा. तिच्या लेखी मालकी म्हणजे पुन्हा वाचण्याचं वचन. जे वचन पाळायचं नाही ते द्यायचं कशाला?

अशा वाचकाला पुस्तक सुचवायचं कसं? फ्रँक डोएलच्या पत्रांचं सौंदर्य या प्रश्नात दडलेलं आहे. तो कधीही ‘हे वाचाच’ असं म्हणत नाही. तो कळवतो: अमुक लेखकाची अमुक आवृत्ती आली आहे, बांधणी अशी आहे, कागद असा आहे, किंमत इतकी, आपल्याला रस आहे का? पहिल्या वाचनात ही पत्रं कोरडी वाटतात. दुसऱ्या वाचनात लक्षात येतं की त्याची सगळी माया या तपशिलांतच आहे. इंग्लंडभरच्या जुन्या वाड्यांतली ग्रंथालयं विकायला निघत, फ्रँक खरेदीसाठी तिथे फिरे, आणि शेकडो पुस्तकांच्या ढिगात न्यूयॉर्कच्या एका बाईची यादी त्याच्या डोक्यात असे. तिने दोन वर्षांपूर्वी मागितलेलं पुस्तक तो एक दिवस पाठवून देतो. हॅन्फ मग त्याच्या या ‘वेगा’वरून त्याची यथेच्छ चेष्टा करते.

न्यूमनच्या विश्वविद्यालयावरच्या पुस्तकाचा प्रसंग या दृष्टीने सबंध पुस्तकाचं मर्म आहे. १८५२ ची पहिली आवृत्ती सहा डॉलरला आहे, हवी का, असं फ्रँक जितक्या साधेपणाने विचारतो, तितक्याच जोराने हॅन्फ उसळते. ती उत्तरात आधी त्याच्या निरागसपणावर तोंडसुख घेते आणि मग अर्थातच हो म्हणते. पुस्तक हाती आल्यावर मात्र तिला संकोच वाटतो. चकाकतं चामडं, सोनेरी अक्षरं. हे पुस्तक एखाद्या इंग्रज उमरावाच्या लाकडी तक्तपोशीच्या ग्रंथालयात, शेकोटीशेजारी वाचायचं. आपल्या एका खोलीच्या मोडकळीला आलेल्या घरात, जुन्या बाजारातल्या कोचावर त्याला आपण आणून बसवलं. याआधी स्टीव्हन्सन आला तेव्हाही आपली संत्र्याच्या खोक्यांची फडताळं त्याच्यापुढे ओशाळल्याचं तिने लिहिलं होतं. पहिल्या आवृत्त्या जमवण्यात तिला काडीचा रस नव्हता. तिला मजकूर हवा होता. फ्रँकने तिला नकळत पुस्तकाच्या देहावर प्रेम करायला शिकवलं. चांगली शिफारस इतकं करते: आपली आवड तशीच ठेवून तिची हद्द थोडी पुढे सरकवते.

तिच्या मागण्याही मासलेवाईक आहेत. १९५० च्या वसंतात ती प्रेमकवितांचं पुस्तक मागते, पण कीट्स नको, शेली नको. प्रेमाचा गळेपडूपणा न करणारा कवी हवा. पुस्तक लहान हवं, पाटलोणीच्या खिशात मावेल असं, म्हणजे सेंट्रल पार्कमध्ये नेता येईल. एकाच नावावर अडून बसत नाही. ऋतू, स्वभाव, खिशाचं माप आणि बसायची जागा सांगते. जगातल्या कुठल्याही पुस्तक विक्रेत्याला याहून नेमकी मागणी कुणी केली नसेल.

युद्धानंतरच्या लंडनमधल्या रेशनची कहाणी पुस्तकात मोठी जागा घेते, आणि पुढे या पुस्तकावर निघालेल्या चित्रपटाने तिला आणखी मोठी जागा दिली. कुटुंबाला आठवड्याला दोन औंस मांस आणि माणशी महिन्याला एक अंडं, असं कुणाकडून कळताच हॅन्फ डेन्मार्कहून खाद्यपदार्थ पाठवणाऱ्या एका ब्रिटिश कंपनीमार्फत दुकानाला सहा पौंडांचा हॅम पाठवते. मागाहून तिच्या लक्षात येतं की मालकांची नावं मार्क्स आणि कोहेन आहेत, म्हणजे ते ज्यू असणार, त्यांना डुकराचं मांस चालेल का? ती घाबरून दुसरं काही पाठवायची तयारी दाखवते. ती स्वतःही ज्यूच. इथून दुकानातली इतर माणसं तिला चोरून पत्रं लिहू लागतात, फ्रँकची बायको नोरा लिहिते, फ्रँकच्या वृद्ध शेजारणीच्या हातचा टेबलक्लॉथ भेट म्हणून येतो. हे सगळं वाचायला गोड आहे. पण या पानांवर पुस्तक थोडं सैल होतं, असं माझं मत आहे. पुस्तकांची नावं पत्रांत परत आली की ते पुन्हा ताठ उभं राहतं.

या खाऊच्या परतफेडीत दुकानातल्या सर्वांनी मिळून १९५१ मध्ये तिला एलिझाबेथकालीन कवींचं एक देखणं पुस्तक भेट दिलं. सोबतच्या कार्डावर मजकूर आणि सगळ्यांच्या सह्या. हॅन्फ आभार मानते आणि लगेच तक्रार करते: हे कार्डावर का लिहिलंत, पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर का नाही? तुम्ही पडलात पुस्तक विक्रेते, लिहिल्याने किंमत उतरेल अशी भीती वाटली असणार, पण माझ्यासाठी ती वाढली असती. आणि बहुधा पुढच्या मालकासाठीही. ‘सप्रेम भेट’ लिहून खाली तारीख आणि सही टाकणाऱ्या मराठी माणसाला हे क्षणात कळतं. हॅन्फला जुन्या पुस्तकांतले असे शब्द, समासातल्या खुणा फार आवडतात. हॅझलिटचं पुस्तक आधीच्या मालकाने सर्वांत जास्त वेळा उघडलेल्या पानावर आपोआप उघडलं याचा तिला आनंद होतो. वॉल्टनच्या चरित्रांची प्रत आली, तीत १८४१ साली कुणीतरी आपलं नाव लिहिलं होतं. त्याच्या वारसांनी असं पुस्तक विकून टाकावं याचा तिला मनापासून राग येतो. पहिल्या पत्रात खुणा केलेल्या शाळकरी प्रती नको म्हणणारी हीच बाई. दोन्हींत विसंगती नाही. परीक्षेसाठी ओढलेली रेघ आणि प्रेमाने ओढलेली रेघ यांतला फरक कुठल्याही वाचकाला दिसतो. समासात खूण करणारा तो अनोळखी माणूस पुढच्या वाचकाला सांगत असतो: इथे थांब. ही शिफारसच आहे, फक्त तिच्यावर पत्ता नाही.

फ्रँकच्या पत्रांचा मायना बदलत जातो तो टप्प्याटप्प्याने. ‘मॅडम’पासून ‘मिस हॅन्फ’, आणि १९५२ च्या फेब्रुवारीत प्रथमच ‘हेलेन’. आपण दिसतो तितके अलिप्त नाही, पण पत्रांच्या प्रती दुकानाच्या फायलीत जातात, म्हणून औपचारिक लिहीत होतो, असा खुलासा तो तिथे करतो. या एका वाक्यामुळे मागची सगळी पत्रं पुन्हा वाचावीशी वाटतात. एक गोष्ट मात्र मला नेहमी खटकते. फुटबॉलमध्ये तो टॉटनहॅमच्या बाजूचा आहे, बीटल्स त्याला बरे वाटतात, हे कळतं. पण तो स्वतः घरी काय वाचत असे ते जवळजवळ कळतच नाही. दुसऱ्याची आवड वीस वर्षं सांभाळणाऱ्या माणसाची स्वतःची आवड पानांत उतरली नाही, ही या पुस्तकातली उणीव आहे.

कादंबरी न वाचणाऱ्या हॅन्फची खरी गोष्ट १९५२ च्या मे महिन्यातल्या पत्रात सुरू होते. ती कळवते की अखेर आपण जेन ऑस्टिनकडे पोचलो आणि ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ने वेड लावलं. स्वतःची प्रत मिळेपर्यंत वाचनालयाचं पुस्तक परत करवत नाही. आपल्या नियमाला पडलेलं हे भगदाड ती लपवत नाही, उलट मोठ्या हौसेने सांगते. आवडीचा कडकपणा आणि आवडीचा मोकळेपणा एकाच माणसात राहू शकतो, हे इथे दिसतं. ज्याला सगळंच आवडतं त्याला असा साक्षात्कार होत नाही.

यानंतर पत्रं विरळ होत जातात. वर्षं उलटतात, लंडनला जाण्याचे बेत आखले जातात आणि दातांच्या खर्चात, घर बदलण्यात बुडतात. हॅन्फने संपादन करताना या मोकळ्या जागा भरल्या नाहीत, निवेदनाची जोड दिली नाही, ही तिची मोठी कमाई. ३० सप्टेंबर १९६८ ला ती पुन्हा लिहिते. एका पावसाळी रविवारी आपण एका तरुण मैत्रिणीच्या हाती ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ दिलं आणि ती ऑस्टिनच्या पार प्रेमात पडली. ऑक्टोबरअखेरीस तिचा वाढदिवस आहे, तेव्हा ऑस्टिनची पुस्तकं शोधून द्या. सगळा संच महाग पडला तर निम्मे पैसे तिच्या नवऱ्याकडून घेऊ. फ्रँक उत्तर देतो, प्रयत्न करतो म्हणतो. जानेवारी १९६९ मध्ये दुकानाच्या चिटणीस बाईंचं पत्र येतं. २२ डिसेंबरला फ्रँक डोएल वारले. आणि शेवटी व्यवहाराचा एक साधा प्रश्न: ऑस्टिनची पुस्तकं आम्ही अजून शोधावीत अशी तुमची इच्छा आहे का?

या प्रश्नात कसलाही भावनावेग नाही, म्हणून तो सोसत नाही. वीस वर्षांपूर्वी एका बाईने स्वतःसाठी यादी पाठवली होती. आता ती दुसऱ्या कुणासाठी मागते आहे. ज्या कादंबरीने तिचाच नियम मोडला तीच तिने पुढे दिली. क्यूंकडून आलेली साखळी तिच्याकडून एका अनाम तरुण मुलीपर्यंत गेली. नोराने नंतर पाठवलेल्या पत्रात, आपल्याला कधीकधी तुमचा हेवा वाटायचा, कारण फ्रँकला तुमची पत्रं इतकी आवडत, असं निर्मळपणे लिहिलं आहे. मला हे पुस्तकातलं सर्वांत धीट पत्र वाटतं.

१९८७ च्या चित्रपटात अॅन बँक्रॉफ्ट आणि अँथनी हॉपकिन्स यांनी सुंदर कामं केली आहेत, पण आधी पुस्तक वाचावं. चित्रपटात फ्रँकला चेहरा मिळतो. पुस्तकात तो आपल्याला त्याच्या आवृत्त्यांच्या वर्णनांतून घडवावा लागतो, आणि तो आनंद एकदाच मिळतो. मार्क्स अँड कंपनी १९७० च्या डिसेंबरमध्ये बंद झाली. हॅन्फ लंडनला पोचली ती १९७१ मध्ये, या पुस्तकामुळेच. त्या प्रवासाची रोजनिशी ‘द डचेस ऑफ ब्लूम्सबरी स्ट्रीट’ या नावाने १९७३ साली आली, ‘क्यूज लेगसी’ १९८५ मध्ये. माझी शिफारस अशी: आधी ‘८४’ एका बैठकीत वाचा, मग ‘क्यूज लेगसी’, आणि त्यानंतर ‘८४’ पुन्हा, या वेळी हातात पेन्सिल घेऊन.